आठ ताटांचं वंदन

६ जानेवारी २०२५, सोमवार. देवास

इरावतीने आज ही वही दिली. म्हणाली, "दादा, तुम्हाला ज्या सूचना सुचतात ना, त्या बोलून वाया जातात. इथे लिहून ठेवत जा. मी सवडीने वाचेन."

अडतीस वर्षं धारला तारखात्यात आणि मग टेलिफोन खात्यात काढली, त्या अनुभवाची किंमत मुलीला कळते हे पाहून बरं वाटलं. वही चांगली जाड आहे. म्हणजे बऱ्याच सूचना अपेक्षित असाव्यात.

मी इथे आलो त्याला तीन आठवडे झाले. मोतीबिंदूसाठी आलो होतो. डोळा केव्हाच बरा झाला, पण यांना सध्या माझी गरज आहे असं दिसतं, म्हणून राहिलो आहे. मुलगी आणि जावई, दोघं मिळून घराच्या वरच्या मजल्यावर बिनतारी यंत्रं बनवतात. यंत्र म्हणजे डब्याएवढी एक पेटी. ते तिला डबी म्हणतात.

काम मोठं आहे. धारच्या एका धर्मादाय दवाखान्याची गाडी बाग नावाच्या गावापलीकडे डोंगरातल्या वस्त्यांत जाते. तिथे मोबाईलला रेंज नाही. गाडीत एक्स-रे काढतात आणि तो रेडिओवरून, मधल्या टेकडीवरच्या खांबामार्गे, धारला डॉक्टरांकडे पाठवतात. एक चित्र जायला अकरा मिनिटं लागतात. तेवढ्यात पेशंट कंटाळून शेतावर निघून जातो. दवाखान्याने सांगितलं आहे, महिनाअखेर दोन मिनिटांच्या आत आणून दाखवा, बारा डब्या घेतो. नाहीतर दुसरीकडून घेऊ.

सूचना क्रमांक १ : डबीला देवापुढे ठेवून मगच चालू करावी.

९ जानेवारी, गुरुवार

आज इरूला विचारलं, "अकरा मिनिटं का लागतात? हवा जड आहे का तिकडची?"

"नाही दादा. रेडिओ तर नुसता बसून असतो. वेळ डबी खाते. चित्राचे बारीक बारीक तुकडे असतात, एक किंवा शून्य. त्यांना बिट म्हणतात. डबी एक बिट घेते, त्याची उलटापालट करते, तपासणीची खूण लावते, सोडते. मग दुसरं घेते."

"म्हणजे एका खिडकीवर एकच कारकून."

"हो. अगदी तसंच. आता आम्ही आठ कारकून बसवतोय. आठ बिटं एका दमात."

अकरा मिनिटांचे आठ भाग केले. एक मिनिट बावीस सेकंद. मुलगी हुशार आहे. तिच्या आईवर गेली आहे, पण गणित माझं.

११ जानेवारी, शनिवार

आज प्रत्यक्ष मदत केली. वर टेबलावर एक हिरवी पाटी पडली होती, तिला एका कडेने सोनेरी दात होते. दात काळपट दिसले. तारेच्या यंत्राची पितळी खिटी आम्ही चिंचेने लख्ख करायचो. तशीच ही पाटी चिंचेच्या पाण्यात भिजवून, घासून, गच्चीवर उन्हात ठेवली.

स्वानंदरावांनी पाहिली. "अरे वा," म्हणाले, फार बारीक आवाजात. मग गच्चीवर गेले आणि पाऊण तास तिथेच उभे होते. आमचे जावई कमी बोलतात. मन भरून आलं की एकटे उभे राहतात. मी आल्यापासून त्यांचं मन वारंवार भरून येतं.

१२ जानेवारी, रविवार

बढती मिळाली! सकाळी चहाला दोघं माझ्यासमोर बसले. इरू म्हणाली, "दादा, आमचं काम लोकांना कळतच नाही. तुम्ही जनसंपर्क प्रमुख व्हाल का? सव्वीस जानेवारीला कॉलनीच्या कार्यक्रमात समजावून सांगा सगळ्यांना. आठ माणसं घ्या आणि करूनच दाखवा."

"सराव मात्र रोज हवा," स्वानंदराव म्हणाले. "दहा ते पाच. बागेत."

"बागेत कशाला? वर जागा आहे की."

"बागेतच!" दोघं एकदम म्हणाले. आठ बिटं एका दमात काम करतात ती अशी.

१५ जानेवारी, बुधवार

मंडळी जमली. सगळं श्रेय शेजारच्या उमाबाईंना. नवऱ्याच्या कारखान्याच्या नोकरीपायी चाळीस वर्षांपूर्वी अकोल्याहून इथे आल्या, शाळेत गणित शिकवलं, आता एकट्याच असतात. संक्रांतीचा तिळगूळ काल दिला, आज पुन्हा घेऊन आल्या. विसरभोळेपणा वयोमानाने होतो.

योजना अशी. आठ माणसं एका रांगेत. प्रत्येकाच्या हातात स्टीलचं ताट. ताट वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य. मी शिट्टी मारली की आठही ताटं एकदम आपापल्या जागी. उमाबाई ताटं वाचून फळ्यावर अक्षर लिहिणार. आठ ताटांच्या दोनशे छप्पन्न तऱ्हा होतात.

मी म्हटलं, "छान. अख्खी बाराखडी बसेल."

"नाही बसत, श्रीपादराव. छत्तीस गुणिले बारा, चारशे बत्तीस. अक्षरं वेगळी घेऊ, काना-मात्रा वेगळ्या."

मी ते म्हणणारच होतो.

१७ जानेवारी, शुक्रवार

अडचणी. चौथ्या बिटाला सर्दी आहे, ते शिंकलं की ताट आपोआप वर जातं. सातवं बिट इंदूरला साखरपुड्याला गेलं. पाचवं आणि सहावं बिट नवरा-बायको आहेत, मंगळवारपासून एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून पाचव्याने वर केलं की सहावं मुद्दाम खाली करतं.

शिवाय प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बघून मग आपलं ताट हलवतो. आठ जणांची लाट होते आणि वेळ तेवढाच लागतो. शेवटी इरूने वरच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडली, "शेजारी बघू नका! आपापला कागद बघा! थांबायचं नाही कुणासाठी!" मग एकदम जमलं. एकाच ताटाने चार अक्षरांना बत्तीस शिट्ट्या लागल्या असत्या, आता चारच. तिसरं बिट म्हणालं, "भिया, ये तो मस्त चीज है." ते आयुष्यभर नोटांच्या छापखान्यात होतं, सहसा कशाने चकित होत नाही.

उमाबाई सावलीसाठी रांगेच्या मागे कडुनिंबाखाली बसून वाचतात. एकही चूक नाही.

१९ जानेवारी, रविवार

आमचं जमलं, वर मात्र जमत नाही. डबी वेगाने चालते. एक मिनिट बावीस सेकंदांत चित्र येतं, ठरल्याप्रमाणे. पण चित्र नसतंच ते. इरूने दाखवलं. हाताच्या हाडांऐवजी पांढऱ्या-काळ्या दाण्यांची खिचडी.

पाठवणारी बाजू इरूने लिहिली आहे, घेणारी स्वानंदरावांनी. "चूक माझ्याकडे असणार," ती म्हणते. "नाही, माझ्याकडे," ते म्हणतात. माझ्या संसारात याच्या नेमकं उलट चालायचं. इरू दोन दिवस नीट जेवलेली नाही.

दुपारी जिन्यात चप्पल शोधत होतो. मी ऐकलं नाही, पण ऐकू आलं. स्वानंदरावांना बंगळूरची नोकरी आली आहे. एकतीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचं. डबी झाली नाही तर हे सगळं बंद करून दोघंही जाणार.

चांगलीच गोष्ट आहे. बंगळूरची हवा उत्तम. मला काय, धारला तलावाजवळ माझं घर आहे. दोन खोल्या झाडायला कितीसा वेळ लागतो. उगाच एक चौकशी म्हणून धारच्या बसची वेळ विचारून आलो.

२२ जानेवारी, बुधवार

आज विशेष नाही. वर खिचडी तीच. खालीही खिचडीच केली, कोणी खाल्ली नाही. उमाबाई वरणफळं देऊन गेल्या. घरी करमत नसावं, त्यांच्या टीव्हीचा रिमोट बिघडलाय का ते विचारायला हवं, या आठवड्यात तिसऱ्यांदा आल्या.

२६ जानेवारी, रविवार

हे लिहू नये असं वाटतं. पण लिहितो.

मैदानावर दहा वाजता झेंडावंदन झालं. शे-दीडशे माणसं होती. पाहुणे म्हणून आपल्या वॉर्डाचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, आले होते. इरू आणि स्वानंदराव पहिल्या रांगेत, दोघांच्याही डोळ्यांखाली काळं. मी माईकवर समजावून सांगितलं, रेडिओ नुसता बसून कसा असतो आणि आठ कारकून कसे बसवायचे. टाळ्या मिळाल्या. मग जाहीर केलं, "अब हम माननीय पार्षदजी को बिना तार का संदेश भेजेंगे." संदेश आमचा ठरलेला होता : वंदन. अनुस्वार वेगळा धरून चार अक्षरं.

आठही बिटं हजर होती. चौथ्याने गोळी घेतली होती. पाचवं-सहावं आदल्या दिवशी बोलायला लागलं होतं. उमाबाईंना मी स्वतः मानाने पुढे, पाहुण्यांच्या शेजारी, फळ्यासकट बसवलं. सरावात बिचाऱ्या रोज मागे बसायच्या. कार्यक्रमाच्या दिवशी तरी त्या सगळ्यांना दिसल्या पाहिजेत.

मारल्या चार शिट्ट्या. ताटं अशी लखलखली म्हणता! एक हात चुकला नाही. मी अभिमानाने फळ्याकडे वळलो.

फळ्यावर लिहिलं होतं : घुबड.

मराठी मंडळींच्या तोंडावर रुमाल आले. उमाबाई खडू धरून म्हणाल्या, "श्रीपादराव, जे दिसलं ते मी लिहिलं." पार्षद हसतमुखाने उभे राहिले आणि हात जोडून विचारलं, "भिया, ये घुबड का मतलब क्या होता है?"

शेवटी तिसरं बिट पुढे झालं. "लक्ष्मीजी का वाहन, साहब." पार्षद खूश झाले. म्हणाले, इतना सम्मान आज तक किसी ने नहीं दिया.

पण खरं वाईट पुढेच झालं. इरू खुर्चीतून उठली. फळ्याकडे बघत राहिली. मग धावत रांगेपाशी आली, "परत करा, परत करा!" म्हणाली. आम्ही परत केलं. ती रांगेच्या मागून चालत गेली, वळून पुढून चालत आली, बोटाने ताटं मोजत. मग माझे दोन्ही खांदे धरून ओरडली, "दादा! तुमचा पहिला तो उमाकाकूंचा आठवा!"

आणि घराकडे पळत सुटली. चपला मैदानातच. तिच्यामागे स्वानंदराव, तंबूची दोरी ओलांडून, तेही पळत.

शरमेने माणूस काय करेल सांगता येत नाही. भर सभेत माझ्यामुळे पोटच्या मुलीला अनवाणी पळून जावं लागलं. मी तिच्या चपला घरी आणून जिन्यात ठेवल्या. वर दार बंद. मी "जेवायला या" म्हणून हाक मारली तर आतून मोठमोठ्याने हसण्याचा आवाज आला. हसणारच. शिंकणाऱ्या चौथ्या बिटालासुद्धा हसू आलं होतं.

२७ जानेवारी, सोमवार. धार

सकाळच्या बसने निघालो, इंदूरला गंगवाल स्टँडवर बस बदलली आणि दुपारी घरी पोहोचलो. दोघं झोपलेली होती, उठवलं नाही. चिठ्ठी ठेवली : "धारला कामे खोळंबली आहेत. डबीस शुभेच्छा."

निघताना उमाबाई फाटकाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "चूक माझी. पुढून वाचलं म्हणून उलटं दिसलं."

मी म्हटलं, "पुढे मीच बसवलं होतं."

"मानाने बसवलं होतंत," म्हणाल्या आणि प्रवासासाठी डबा दिला. एवढा मोठा डबा एका माणसाला कसा संपेल याचा त्यांनी विचार केला नसावा. गणिताच्या बाई असून.

कामे कसली खोळंबली आहेत, ते शोधतो आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

माळा झाडला. परत वर ठेवण्यासारखं काही नव्हतं.

अकरा वाजता इरूचा फोन. आवाज अगदी आनंदी. "दादा, कुठे पळालात? बरं, धारला आहातच तर एक काम करा. परवा दवाखान्यात दाखवायचं आहे. स्वानंद गाडीबरोबर डोंगरात जाईल. मी धारला येतेय. गच्चीवर अँटेना लावायला तुम्ही हवेत."

"तुला दुसरं कोणी मिळालं नाही का?"

"दुसरं कोणी नकोय."

म्हणजे मिळालं नाही. जाईन. मुलीची अडचण आहे, अपमान गिळायला हवा.

३० जानेवारी, गुरुवार

दवाखान्याच्या गच्चीवर अँटेना लावला. इरूने मला दोनदा विचारलं, "चिंच आणली नाही ना?" मी म्हटलं विसरलो, तर तिने सुटकेचा श्वास सोडला. घाईत ती तरी किती गोष्टींची काळजी करणार.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टर अल्पनाताई मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवून बसल्या. इरूने माझ्याकडे हात केला. मी तो धरला. लहानपणी परीक्षेच्या दिवशी धरत असे.

डोंगरातून स्वानंदरावांचा आवाज आला. त्याच डबीतून बोलताही येतं. "इरू, एक प्रॉब्लेम आहे. पेशंटच नाहीये. गावात लग्न आहे, सगळे तिकडे गेलेत."

"मग?"

"थांब. मीच झोपतो मशीनखाली."

डॉक्टर म्हणाल्या, "चालेल. छातीचा काढा."

सुरू झालं. वीस सेकंद. चाळीस. पडदा काळाच. मिनिट झालं आणि वरून चित्र उतरू लागलं, पडदा खाली सोडावा तसं. आधी खांदे. मग बरगड्या, एकेक, स्वच्छ, मोजून घ्याव्यात अशा. खिचडीचा दाणाही नव्हता. एक मिनिट बावीस सेकंद.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. म्हणाल्या, "फुप्फुसं चांगली. हृदय चांगलं. माणूस आतून एकदम ठीक आहे."

हे मला आधीपासून वाटत होतं, पण जावयाच्या बाबतीत डॉक्टरांचं मत मिळणं फार कमी सासऱ्यांच्या नशिबी येतं.

बारा डब्यांचं पक्कं झालं. इरू बाहेरच्या ओसरीवर माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "दादा, तुमच्यामुळे झालं. पूर्वी बिटं एकामागून एक जायची तेव्हा डावं-उजवं असा प्रश्नच नव्हता. आठ एकत्र मांडायला लागल्यावर मी डावीकडून मांडत होते आणि स्वानंद तिकडे उजवीकडून उचलत होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर! दहा दिवस दोघं आपापलीच चूक शोधत बसलो. तुमच्या त्या घुबडाने सांगितलं."

मुलीचं मन मोठं आहे. म्हाताऱ्याची फजिती झाली, त्याला बरं वाटावं म्हणून एवढी गोष्ट रचली. ती खूप तपशिलात सांगत होती, म्हणून मी विश्वास ठेवल्यासारखं केलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

स्वानंदरावांनी बंगळूरला नाही म्हणून कळवलं. मला फोनवर म्हणाले, "दादा, एक विचारायचं होतं. धारच्या टोकाला रोज डबीपाशी बसणारं माणूस हवंय. चित्र आलं की डॉक्टरांना द्यायचं, त्यांचं म्हणणं गाडीला सांगायचं. तुम्ही बसाल का? शनिवार-रविवार देवासला यायचंच."

मी म्हटलं, रीतसर अर्ज करतो. ते म्हणाले अर्ज नको. मी तरी केला, दोन प्रतींत. तोंडी कामावर माझा विश्वास नाही. उमाबाईंनाही फोन करून कळवलं. म्हणाल्या, "म्हणजे शनिवारी डबा रिकामा घेऊन या." रिमोटचं विचारायचं पुन्हा राहिलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

कामाचा पहिला दिवस. इस्त्रीचा शर्ट घालून साडेनऊलाच जाऊन बसलो.

अकरा वाजून दहा मिनिटांनी डबी बोलली. डोंगरातल्या एका गावातली साठीची बाई, विहिरीपाशी पडली, मनगट सुजलं आहे. मी घड्याळ लावलं. चित्र उतरताना मला जुन्या तारा आठवल्या. मी दारोदार तारा पोहोचवणारी माणसं पाहिली आहेत. तार आली म्हटलं की लोक पाकीट फोडायच्या आधीच रडायला लागायचे. आत मुलगा झाल्याची बातमी असली तरी. इतकी वर्षं मी ठक-ठक करून लोकांना आधी रडवलं, आणि त्या बदल्यात कोणाच्या तोंडून एक शब्द कधी ऐकला नाही. संदेश गेला की माझं काम संपायचं.

डॉक्टर आल्या, पाहिलं, म्हणाल्या, "साधं फ्रॅक्चर. जागेवर आहे. गाडीतच प्लॅस्टर करा. दीड महिना हात हलवायचा नाही."

मी बटण दाबून सांगितलं, हिंदीत, सावकाश. "माँजी, घबराने की बात नहीं. हड्डी अपनी जगह पे है. पक्का पट्टा बंधेगा. डेढ़ महीना हाथ से काम नहीं करना."

मग त्या बाईंचा आवाज, खणखणीत. "तो रोटी कुण बणावेगो?"

असं काही मला तारेवर कोणी कधी विचारलं नव्हतं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्या दुसरा कागद लिहीत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "नवरा आहे ना बरोबर? त्याला सांगा."

मी बटण दाबलं. "डॉक्टर साहब बोल रहे हैं, रोटी आपके घरवाले बनाएँगे."

बाईंचं हसू ऐकू आलं. गाडीतले सगळेच हसले असावेत. मी नवऱ्याला विचारलं, "दादाजी, सुन लिया ना?"

एक म्हातारा, घसा खाकरत, डबीच्या अगदी जवळ येऊन ओरडला, "आवाज नी अई रियो!"

आवाज येत नाही म्हणे. मी डबीचे दिवे तपासले. सगळे हिरवे होते. आवाज दोन्हीकडून अगदी स्वच्छ येत होता.